म्हात्रेकाकांचं आठवं कडवं

आमचा मुलगा झाला तेव्हा लोक झबली-टोपडी घेऊन आले. वरच्या मजल्यावरचे म्हात्रेकाका एक कागद घेऊन आले. त्यावर चौदा नावं होती.

"यातलंच ठेवा," पाळण्याकडे न बघताच ते म्हणाले. "ही सगली शार्दूलविक्रीडितात बसतात. उद्या याच्या लग्नाची मंगलाष्टकं मलाच लिवायची हायेत. भलतंच नाव ठेवलात तर मी जबाबदार नाय."

पोरगं तीन दिवसांचं होतं. पुढे आम्ही त्याचं नाव अथर्व ठेवलं. ते यादीत होतं हा निव्वळ योगायोग, असं मी अजूनही सगळ्यांना सांगते.

काका मूळचे बेलपाड्याचे. पनवेलच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांचा उभा जन्म गेला. माइकवर भाषा एकदम साजूक तुपातली, माइक बंद झाला की गावची. निवृत्त झाल्यावर घसा रिकामा बसवेना म्हणून त्यांनी मंगलाष्टकांचा उद्योग काढला. आठ कडवी, त्यात दोन्हीकडच्या मामा, आत्या, आजोबांची नावं गुंफलेली. शेवटचं कडवं काका 'सावधान'वर आणून सोडतात, तेव्हा अंतरपाट सरतो आणि लग्न लागतं. म्हणायचीही त्यांनीच, आणि तीही स्टँडवरच्या सुरात. एका लग्नात नवरीच्या आत्या पर्स उचलून दाराकडे निघाल्या होत्या म्हणे.

कुणाची ओळख करून दिली की हा माणूस नमस्कार करायच्या आधी बोटांवर त्याच्या नावाचे ऱ्हस्व-दीर्घ मोजतो. एका नवरदेवाच्या मामांचं नाव होतं मधुकर. ते वृत्तात कुठेच बसेना. काकांनी बेधडक त्यांना 'माधूकर' केलं. मामा न जेवता निघून गेले. "मानूस गेला तरी चालंल," काका म्हणाले, "वृत्त नाय जायला पायजे."

तर अशा या काकांच्या एकुलत्या एक मुलीचं, तेजूचं, लग्न ठरलं. मुलगा जासईचा, इथून जेमतेम अर्ध्या तासावरचा. साखरपुडा झाला आणि सात कडवी काकांनी एका बैठकीत हातावेगळी केली. आठवं मात्र अडलं.

"सुचत नाय," काका म्हणाले, आणि माझ्या नशिबी तीन आठवड्यांचा चहा आला. वर पाहुण्यांचा गोंगाट असतो म्हणून त्यांनी आमची बाल्कनी ताब्यात घेतली. आधी दोष पेनाचा होता. मग नव्या विमानतळाचा. "एक ओल जुलली का वरून इमान जातं, न् ओल घेऊन जातं." कुणीतरी सांगितलं, समुद्राची हवा खा. काका उरणला जाऊन आले. पिशवीभर सुके बोंबील आले, कडवं आलं नाही. माझी बाल्कनी पुढे चार दिवस घमघमत होती.

मीही हातभार लावला. फोनवरच्या एआयला विचारलं. त्याने दोन सेकंदांत कडवं हजर केलं. त्यात तेजूचं लग्न मुलाच्या आजोबांशी लागत होतं. काकांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. "याला स्टँडवर बसवला असता, वहिनी, तर उरनची गाडी नाशिकला गेली असती."

काकू रोज जिन्यातून ऐकवायच्या, "लोकांच्या पोरींना धा मिंटात सासरी धाडतो हा मानूस. न् सोताच्या पोरीला याच्याकडं शब्द नाय!" काका बोटं मोजत बसत.

लग्नाचा दिवस उजाडला तरी आठव्याचा पत्ता नव्हता. मुहूर्त बारा अडतीसचा. अंतरपाट धरला, काकांनी माइक घेतला, सात कडवी खणखणीत झाली. अक्षतांच्या मुठी आवळून सगळे उभे. काका थांबले.

आणि मग काका सुटले. आठव्यात त्यांनी जासईचं गुणगान केलं. 'सावधान' न म्हणता थेट नववं काढलं, त्यात मांडववाला आणि आचारी. दहाव्यात आमची अख्खी सोसायटी, वॉचमनसकट. जागच्या जागी रचत होते, आणि एक अक्षर चुकत नव्हतं! भटजी घड्याळ दाखवत होते. काकांनी डोळेच मिटून घेतले होते. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात लटपटायला लागले. अकराव्यात आंब्याचा मोहर आला. मुहूर्त टळून सहा मिनिटं झाली होती.

तेवढ्यात अंतरपाटामागून तेजूचा आवाज आला. "बाबा, जासईलाच चाललेय मी. पुरे ना आता."

अख्खा हॉल हसला. काका हसले नाहीत. त्यांनी 'शुभमंगल सावधान' इतकं हळू म्हटलं, की मागच्यांनी अंतरपाट खाली गेलेला बघून अक्षता टाकल्या.

जेवायला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. "काय हो काका, आठवं शेवटपर्यंत सुचलंच नाही ना?"

काकांनी आधी काकू कुठे आहेत ते पाहिलं. मग आतल्या खिशातून एक मऊ पडलेला कागद काढला. आठवं कडवं. सुंदर अक्षरात, पुरं लिहिलेलं, खाली तारीख साखरपुड्याची.

"म्हणजे तीन आठवडे माझा चहा पिऊन तुम्ही—"

"पैलं हेच लिवलं, वहिनी," काका म्हणाले. "पन हे बोललो असतो, तर लगीन लागलं असतं ना."

त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं मी ठरवलं होतं. कडवं वाचलं आणि ते राहूनच गेलं. त्यात मामा नव्हते, आत्या नव्हत्या, आजोबा नव्हते. चारही ओळींत नुसती तेजू होती. मला इतकं भरून आलं की मी उगाच जिलबीवाल्याला हाक मारली.

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. "तेजूला सांगू नका. ती रडंल," एवढं बोलले, आणि भरल्या ताटासमोर स्वतःच ढसाढसा रडायला लागले.