धुळीवरील मोहीम आणि अंबूबाईंचा चेहरा

॥श्री॥ ज्याने उजेड निर्मिला आणि काचेआड पाहण्याची सोय केली त्यास नमन करून, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, फाल्गुन मासी जे घडले ते पाहिले तसे लिहितो. एक राज्य होते, नाव सांगणे नलगे. मुलूख दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, इतकाच. तेथे मातोश्री द्वारकाबाईसाहेब, वय एक्क्याऐंशी, आणि त्यांच्या सूनबाई मृणालबाई नांदत होत्या. मातोश्रींची नजर दिवसेंदिवस मंदावत चालली, आणि डॉक्टरांनी साफ सांगितले की चार-सहा महिन्यांत समोरच्याचे तोंड ओळखू येणार नाही. मग मातोश्रींनी इच्छा सांगितली की धाकटी बहीण अंबूबाई, जी लग्नानंतर वर्षाच्या आत वारली, तिचे तोंड एकवार पाहावे. तसबीर कोठेच नव्हती. कपाटात निगेटिव्हची एक पट्टी तेवढी निघाली, त्यात गोरे ते काळे आणि काळे ते गोरे. मग मृणालबाईंनी स्कॅनर आणविला.

नवी वस्तू आली की पूजा व्हावी, हा राज्याचा शिरस्ता. म्हणून मातोश्रींनी खोली केरसुणीने झाडविली, सतरंज्या झटकविल्या, आणि मग स्कॅनरच्या काचेवर हळदकुंकू वाहिले आणि उदबत्ती ओवाळली. हेतू निर्मळ होता, परंतु धुळीस याहून मानाचे आमंत्रण काय असावे! पहिले चित्र उमटले तों अंबूबाईंच्या मुखावर पांढऱ्या ठिपक्यांचे सैन्य उतरलेले, डोळा कोणता आणि कण कोणता ते कळेना. मातोश्रींनी पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, "ही कोण गं?"

ते शब्द मृणालबाईंच्या जिव्हारी लागले. मातोश्री म्हणाल्या की पट्टी पदराने पुसून टाकावी. त्यावर सूनबाईंनी विनविले की पट्टी एकच आहे, ओरखडा पडला तर चेहरा कायमचा गेला. फुंकर घालावी म्हटले तर थुंकीचे तुषार बसतात, तेही वर्ज्य केले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी जी व्यूहरचना केली ती लिहिताना लेखणीस अभिमान वाटतो. खिडक्या लाविल्या, पंखा बंद केला, फरशी ओल्या फडक्याने पुसली, आणि न्हाणीघरात कढत पाण्याचा नळ सोडून वाफ केली, म्हणजे हवेतली धूळ भिजून खाली बसावी. मग वाफ निवेपर्यंत, फाल्गुनाच्या उकाड्यात, घाम टिपीत अर्धा तास स्वस्थ बसल्या. असे बसणे लढण्याहून अवघड. मग काचेवरील हळदकुंकू सुताचे तंतू न सुटणाऱ्या फडक्याने काढिले, आणि पट्टी कडांनी धरून न्हाणीघरात नेली, आणि रबरी फुगा दाबून वाऱ्याचे झोत मारिले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि झाकणाच्या डब्यातून स्कॅनरपाशी आणिली. मोठी धीराची बाई.

या खेपेस मुखडा स्वच्छ उमटला. दहा-बारा ठिपके तगून राहिले होते, ते मृणालबाईंनी कॉम्प्युटरवर एकेक करून पुसले, आणि नाकाच्या डाव्या अंगास एक शेवटचा राहिला, त्यावर बाण नेला. मातोश्री पडद्यास नाक टेकवून पाहात होत्या, त्यांनी सूनबाईंचे मनगट धरिले.

"थांब, मृणाल. ती धूळ नाही. माझी चमकी आहे ती. सासरी निघाली तेव्हा तिचं नाक मोकळं होतं, म्हणून मी माझ्या नाकातली काढून घातली."

मृणालबाईंनी हात मागे घेतला. आपण काय पुसणार होतो ते कळून त्यांस रडू आले, आणि मातोश्रींचे तिकडे लक्षच नव्हते. त्या पडद्याशी वाकून नेहमीच्या आवाजात विचारीत होत्या, "अंबू, जेवलीस का?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. धूळ चार दिवसांत परतली, ती कोणत्या राज्यात परतत नाही? मातोश्रींची नजर श्रावणात गेली. मृणालबाईंनी तसबीर छापून त्यांच्या हाती दिली आहे, आणि कोणी आले की मातोश्री तिजवर बोट ठेवून चमकी दाखवितात, आणि बोट एकदाही चुकत नाही.