शंभरांतले एकशे बारा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन टांगे एकमेकांवर आदळले. चूक कुणाची यावर सगळी गल्ली भांडत होती आणि हरिभाऊ मास्तर दोघा टांगेवाल्यांना आळीपाळीनं विचारत होते, "वजन किती? वेग किती?"

"मास्तर, हितं माझं चाक मोडलंय की! वजन कसलं इचारताय?"

"टक्कर म्हणजे भांडण नव्हे," मास्तर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. आमचे हे शेजारी हायस्कुलात गणित शिकवत. साध्या हायड्रोजनला एक जड भाऊ आहे, असा शोध नुकताच लागला होता. काचेच्या नळीत विरळ हायड्रोजन भरून वीज सोडली की तो गुलाबी उजळतो, नळी मात्र कोमटच राहते. तिथं हे हलके नि जड भाऊ आपटले तर कोण कुठं फेकला जातो, हे मास्तर अणूला लाट मानणाऱ्या नव्या क्वांटम गणितानं काढत होते. नळी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

दोन वर्षं खपून उत्तर आलं: शंभर अणू धाडले तर टकरीनंतर एकशे बारा बाहेर पडतात! पुण्याच्या एका प्राध्यापकांनी कळवलं, चूक शोधा, नाहीतर नाद सोडा. मास्तरांनी अख्खी दिवाळीची सुट्टी शोधण्यात घालवली. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "उद्या कागद बंबात."

मी समजूत घालायला गेलो आणि कागदांवर पाण्याचा तांब्या सांडला. मी असाच आहे. नशीब, शाई पक्की होती. कागद आम्ही अंगणातल्या दोरीवर ओळीनं वाळत घातले. प्रत्येकावर सगळ्यात वर हिशेबाच्या आकड्यांची ओळ, शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक खालच्या ओळीत, त्या फरकांतला फरक आणखी खाली. वाढ निळ्या शाईनं, घट लाल. मास्तर एकेक कागद नाकाला लावून तपासत. जोडून कधी पाहिलेच नव्हते.

समोरच्या नरसम्मा मागावर लुगडी विणत. त्या दारातून बघत होत्या.

"मास्तर, सगळीकडं सरळ पट्टे हायत की. ह्या दोन कागदांच्या जोडावरच लाल-निळं उलटसुलट का? आमच्यात असं दिसलं की मागं जाऊन तुटलेला धागा हुडकायचा."

मास्तरांनी जोडावरून वर वर बोट नेलं. पहिल्याच ओळीत एका बेरजेत हातचा राहिला होता. त्यांनी कोपऱ्यातली तारीख वाचली, मग परत वाचली.

"ही टायफॉइडनं पडली होती, तो आठवडा."

वहिनींना जाऊन वर्ष झालं होतं. बायको मरणाच्या दारात नि हा बेरजा करतोय, असं गल्ली बोलली होती. मीही बोललो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिच्या उशाशी बसून मांडत होतो," मास्तर म्हणाले. "वर्षभर मनाला खात होतं, की माझं सगळं लक्ष कागदातच होतं. नव्हतं हो! हे बघा, नव्हतं. तिच्याकडं होतं."

डोळे भरले होते आणि ते हसत होते.

"मग आता तितनं पुढचं सगळं उसवून परत विणा की," नरसम्मा म्हणाल्या.

"विणू. तुम्ही रंगांवर नजर ठेवा."

मास्तरांनी कोरा कागद घेतला, दौत उघडली. तो चुकलेला कागद मात्र त्यांनी नीट घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.