डिस्क रंगवा, घरच्या घरी!

प्लास्टिकची डिस्क घरच्या घरी रंगवणं हा डाव्या हाताचा खेळ आहे. माझा डावा हात अजून हिरवा आहे, त्यावरून तुमची खात्री पटावी.

डिस्क म्हणजे ताटलीएवढी चकती. ती लांबून फेकायची आणि साखळ्या लटकवलेल्या टोपलीत पाडायची. कमीत कमी फेकींत पाडेल तो जिंकला. आमची ताई हा खेळ खेळते. आई त्याला 'ताटल्या फेकणं' म्हणते. "घरातल्या ताटल्या घासायला हिचा हात दुखतो, तिकडे फेकायला बरा दुखत नाही!" हे ती वरून म्हणते.

ताईची लाडकी डिस्क पांढरी. आणि मैदानभर पांढरी रानफुलं! गेल्या वर्षी अंतिम सामन्यात शेवटच्या टोपलीपाशी ती फुलांत अशी गडप झाली, की कप बँकेतल्या कॅशियरबाई घेऊन गेल्या. ताईने त्या बँकेतलं खातं बंद केलं. यंदा पुन्हा अंतिम सामना, पुन्हा त्याच बाई!

"हिला भडक केशरी कर," आदल्या दिवशी डिस्क माझ्या हातात ठेवत ताई म्हणाली. "विमानातून दिसली पाहिजे."

"आणि बिघडली तर?"

"तर तू कुणालाच दिसणार नाहीस."

आता सूचना. डिस्कवरचा छाप नेलपॉलिश काढायच्या औषधाने पुसून घ्यावा. हे औषध ताईचंच वापरावं, कारण दोष वाटून घेतलेला बरा. मग आईची सगळ्यात मोठी परात घ्यावी. आई झोपलेली असताना घ्यावी. परातीत पाणी तापवून आधी पिवळा रंग, त्यावर लाल, म्हणजे केशरी तयार. इतकं सोपं!

पिवळा झकास बसला. मी स्वतःवर इतका खूश झालो, की रंगाच्या दुकानातल्या मित्राने दिलेली दुसऱ्या पुडीवरचं नाव वाचायचं राहूनच गेलं. पूड तांबूस होती. तांबूस म्हणजे लाल, एवढं गणित मला येतं. पण रंगाच्या पुडीवर ती कोरडी असताना कधी विश्वास ठेवू नये! पाहुण्यांसारखंच आहे हे, गरम पाण्यात पडल्याशिवाय खरा रंग कळत नाही. पूड पाण्यात पडली आणि निळी झाली. पिवळ्यावर निळा. डिस्क माझ्या डोळ्यांदेखत हिरवी झाली!

घाबरून मी गॅस कमी करायला गेलो आणि मोठा केला. डिस्क मऊ पडली, तिची कड गायीच्या कानासारखी खाली लोंबायला लागली. मी ती डाव्या हाताने बाहेर ओढली, पाटावर उपडी टाकली, वर पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि मित्राला फोन लावला.

"अरे, ताईची डिस्क वाकडी झालीय!" मी दबक्या आवाजात ओरडलो. "हो, गरम पाण्यानेच! जरा जास्तच शेकली गेली… आता वर वजन ठेवलंय… नाही, नाही, तिला काही सांगू नकोस. उद्या खेळू दे. फेकताना कळेलच तिला!"

मागे दारात आई उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, परात दिसली.

आता एक सांगायचं राहिलं. आईचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे मामा, हाडांचे डॉक्टर आहेत. आईच्या माहितीत जगात एकच डिस्क आहे. ती पाठीत असते, आणि सरकली की माणूस आडवा होतो.

आई एक शब्दही बोलली नाही. चपला घालून बाहेर गेली, ती रात्री परतलीच नाही; मामांच्या गावी मुक्काम असल्याचा नुसता निरोप आला. परात पाहून जी बाई गप्प राहते, तिच्या मनात काहीतरी भयंकर शिजत असतं हे मी ओळखायला हवं होतं.

सकाळी डिस्क सपाट झाली होती. हिरवी मात्र होती. मी ती वेगळ्या पिशवीत घालून गाठ मारली, आणि आधीच्या टोपल्या आपल्या इतर डिस्कांनी खेळून ताईने ती गाठ थेट शेवटच्या टोपलीच्या वेळी सोडली. तोवर दोघी बरोबरीत.

ताईने डिस्ककडे पाहिलं. मग पायाखालच्या गवताकडे पाहिलं. मग पुन्हा डिस्ककडे.

"हा कुठला रंग?"

"निसर्गरम्य," मी म्हणालो.

"घरी ये तू!"

कॅशियरबाईंचं चार फेकींत आटोपलं. ताईची पहिली फेक सुरेख गेली. दुसरी तर अशी गेली, की लोक उभेच राहिले! डिस्क टोपलीच्या दिशेने तरंगत गेली, खाली उतरली, आणि नाहीशी झाली. पडली, हे सगळ्यांनी पाहिलं. कुठे पडली, हे कुणीच पाहिलं नाही.

"तीन मिनिटं!" पंचांनी घड्याळ काढलं. तेवढ्यात सापडली नाही, तर फेकलेल्या जागेवरून पुन्हा फेकायचं आणि वर दंडाची एक फेक. म्हणजे कप पुन्हा बँकेत जमा.

आम्ही गुडघ्यांवर रांगायला लागलो. पांढरी फुलं स्वच्छ दिसत होती. मध्ये मध्ये हिरवं गवत होतं, आणि त्यात कुठेतरी माझी कला होती. ताईच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. ती रडत नाही, मारते. म्हणून मला जास्तच भीती वाटली.

"दोन मिनिटं झाली!"

आणि मैदानाच्या कडेने आई धावत आली. मागे काळे चकचकीत बूट घातलेले मामा.

"अगं, खाली वाकू नकोस!" आई किंचाळली. "मला सगळं कळलंय! तुझी डिस्क गेलीय ना?"

"हो गं, गेली! शोध ना!"

"मी काय शोधू? मामा शोधतील! उताणी झोप आधी!"

"आत्ता?"

"मग कधी? कंबर मोडल्यावर?"

"पोरी, अजिबात हलू नकोस," मामा झपाझप पुढे येत म्हणाले. "डिस्कच्या बाबतीत एक चुकीचं पाऊल—"

आणि ते त्यांनी टाकलं.

चकचकीत बूट सर्रकन पुढे गेला. मामा क्षणभर दोन्ही पायांनी हवेत होते. मग नव्हते. त्यांच्या टाचेपाशी, जागची तसूभरही न हललेली, माझी हिरवीगार डिस्क!

"सापडली!" मी ओरडलो.

"वेळेत आहे," पंच म्हणाले. "इथूनच फेका."

पण डिस्क आणि टोपली यांच्या मधोमध मामा आडवे.

"मामा, जरा सरका ना!"

"मला नाही सरकता येत," मामा आभाळाकडे पाहत शांतपणे म्हणाले. "बहुतेक माझीच सरकली आहे."

ताईने हिरवी डिस्क नियमाप्रमाणे खुणेला जागीच राहू दिली. डिस्कच्या मागे पाय रोवला, पिशवीतली दुसरी डिस्क काढली आणि मामांच्या पोटावरून फेकली. खळ्ळकन साखळ्या वाजल्या. टाळ्यांच्या कडकडाटात मामांचं कण्हणं कुणाला ऐकूच आलं नाही.

कप आता आमच्या कपाटावर आहे. मामा आमच्या दिवाणावर आहेत. मी जमिनीवर आहे. संध्याकाळी त्यांच्या पाठीचा एक्स-रे आला. मामांनी तो पडल्या पडल्या खिडकीच्या उजेडात धरला. आई, ताई, मी, सगळे श्वास रोखून उभे.

"छे!" मामा म्हणाले. "यात डिस्क दिसतच नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं.

शप्पथ सांगतो, तिला मी हातसुद्धा लावला नव्हता!