खिशांचा पडदा

"बरणीत ठेवा ना, बाबा," सून म्हणाली. "काचेची आहे, सगळं दिसतं."

"बरणीत साखर ठेवतात," मास्तर म्हणाले.

"मग अल्बम आणू या. नाण्यांसाठी वेगळा मिळतो."

"अल्बम मिटला की कपाटात जातो. आणि कपाटात गेलेली वस्तू या घरात परत कुणी बघितली आहे का?"

मुलाने बँकेच्या लॉकरचं नाव काढलं, तेव्हा मास्तरांना हसू आवरेना. टेबलावर पसरलेली सगळी नाणी विकली असती तरी लॉकरचं भाडं निघालं नसतं. काही चलनातून गेलेली, काही भलत्याच देशांची, काही इतकी झिजलेली की वर राजा आहे की राणी हेही सांगता येऊ नये.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. खाली दुकान, वर घर. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे आधी त्यांची बायको तपासायची. चाव्या, कंगवे, तिकिटं, जे निघेल ते गिऱ्हाइकाला परत जायचं. नाणीही ती परत द्यायची, पण न चालणारं नाणं हातात आलं की लोक म्हणायचे, "राहू द्या वहिनी, त्याचं काही येत नाही." ती राहू द्यायची. बटणांच्या रिकाम्या डब्यात ती नाणी वर्षानुवर्षं साठत गेली. त्यातलं एक भोकाचं नाणं तिचं विशेष लाडकं. मास्तर मशीनवर मान मोडून बसले की ती ते डोळ्याला लावून त्यांच्याकडे बघायची आणि म्हणायची, "आता कसे नीट दिसलात."

गेल्या वर्षी ती गेली. डबा मास्तरांकडे आला. तिचं दुसरं काही दाखवण्यासारखं घरात नव्हतं. साड्या बहिणींनी नेल्या होत्या, फोटोत ती नेहमी कुणाच्या तरी मागे उभी असायची. ही नाणी सगळ्यांना दिसली पाहिजेत आणि त्यातलं एकही हरवता कामा नये, एवढं मास्तरांनी ठरवलं होतं.

"प्रत्येक नाणं दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "आणि प्रत्येकाला स्वतःचा खिसा पाहिजे. खिशातून आली आहेत, खिशातच राहतील."

त्यांनी टेबलावर घालतात तसलं पारदर्शक प्लास्टिक आणलं आणि मशीनवर पडदा शिवायला घेतला. प्लास्टिक मशीनच्या सुईजवळच्या पायाला चिकटायचं, म्हणून खाली-वर वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्या. टाका लांब ठेवला, नाहीतर सुईच्या भोकांवरून प्लास्टिक फाटतं. रांगेत छोटे छोटे खिसे, प्रत्येक खिशात एक नाणं, मधोमध भोकाचं. पडदा बघून सून गप्प बसली, म्हणजे तिला आवडला.

तो हॉलच्या खिडकीला लागला. जरा वारा आला की एवढा खणखणाट व्हायचा की मुलगा दोनदा दार उघडायला उठला. तिसऱ्या दिवशी दांडी भिंतीतल्या खिळ्यांसकट खाली आली ती थेट मुलाच्या चहात.

"बाबा, हा पडदा आहे की चिलखत?" सुनेने बशीचे तुकडे गोळा करत विचारलं.

"भिंत कच्ची आहे," मास्तर म्हणाले. पडद्यात काही चूक असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. "दुकानात लावतो. तिथे चार माणसं बघतील तरी."

दुकानात पडद्याची जागा एकच होती, ट्रायल रूमची. मास्तरांनी जुना कापडी पडदा काढून हा लावला. पहिलं गिऱ्हाईक आत गेलं, पोस्टातले साहेब. बाहेर बाकावर दोन बाया मापाला बसल्या होत्या. साहेबांनी पॅन्ट उतरवली, नवी उचलली आणि समोर बघितलं. बायाही समोरच बघत होत्या.

"मास्तर!" आतून आवाज आला. "अहो, हे काय लावलंय?"

"नाणी आहेत, साहेब. आवडली का?"

त्याच संध्याकाळी पडद्याला मागून काळं अस्तर लागलं. नाण्यांची एक बाजू गेली, गिऱ्हाइकांची लाज राहिली. उलट काळ्यावर नाणी उठून दिसायला लागली. लोक थांबून बघायचे. मास्तर कात्री ठेवून सांगायचे, "तुमच्याच खिशांतली आहेत सगळी. हिने जपून ठेवली."

हे ते आठवडाभर अभिमानाने सांगत होते. मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला आणि पडद्याला नाक लावून म्हणाला, "हे वाकडं माझं आहे. लहानपणी मीच दाताने वाकवलं होतं. शोध शोध शोधलं होतं!"

मास्तरांनी ते काढून दिलं. हिचा नियमच होता, ज्याचं त्याला. ड्रायव्हर खूश होऊन गेला आणि ही बातमी त्याने प्रत्येक थांब्यावर उतरवली.

दुसऱ्या दिवसापासून लोक कपडे न घेता दुकानात यायला लागले. कुणाचं आजोबांचं नाणं, कुणाचं सहलीतलं, कुणाचं "असंच काहीतरी गोल होतं बघा." राहू द्या वहिनी म्हणणारे हेच, पण आता ते कुणालाच आठवत नव्हतं. एका नाण्यावरून दोन जावा दुकानातच भांडल्या. मास्तरांनी ते नाणं थोरलीला दिलं, तर धाकटीने समजूत म्हणून शेजारचं मागून नेलं.

रात्रीची भांडी आवरून सून खाली आली, दिवा लावून पडद्यासमोर उभी राहिली. "बाबा, पडद्याचे दात पडायला लागले."

"नाही कसं म्हणू? त्यांचंच असेल तर?"

"आणि नसेल तर? महिनाभरात आईंचा नुसता रिकामा प्लास्टिकचा पडदा उरेल. मग तो मी भाजीवर झाकते."

मास्तरांना झोप आली नाही, पण सकाळी उठले ते ठाम होऊनच. पुठ्ठ्याच्या पाटीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'नाणं ज्या कपड्यातून निघालं तो कपडा आणावा. घालून दाखवावा. बसला तर नाणं तुमचं.'

"एवढी वर्षं कोण जुने कपडे ठेवतं?" ते सुनेला म्हणाले. "बघच तू, आता कुत्रंसुद्धा फिरकणार नाही."

दुपारपर्यंत दुकानाबाहेर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. लोक वाटेल ते टाकतात, पण एके काळी बसायची ती पॅन्ट टाकत नाहीत, हे मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं. त्यातल्या निम्म्या त्यांनीच शिवल्या होत्या.

ट्रायल रूममधून कण्हण्याचे आवाज यायला लागले. कुणाची मांडीशी अडकली, कुणाचं बटण उडून आरशाला लागलं. पोस्टातले साहेब घामाघूम होऊन बाहेर आले. "मास्तर, कमरेत जरा सैल करून द्या. मग घालून दाखवतो."

"सैल केलेला पुरावा चालत नाही," मास्तर म्हणाले आणि तेही पाटीवर लिहून टाकलं.

"बरं, मग नुसती सैल तरी करून द्या. कापड चांगलं आहे."

चार दिवसांत टेबलावर जुन्या पॅन्टींचा ढीग झाला आणि पडद्यातलं एकही नाणं हललं नाही. मास्तर शीळ घालायला लागले. सून म्हणाली, "मानलं तुम्हाला." एवढ्यात समोरचा बेकरीवाला रस्ता ओलांडून आला. खांद्यावर पीठ, काखेत तपकिरी पॅन्ट.

बेकरीवाला मास्तरांचा जुना दोस्त. रोज संध्याकाळी दोघे दुकानाच्या पायरीवर बसायचे.

"तू पण?" मास्तर म्हणाले.

"भोकाचं," बेकरीवाला म्हणाला. "भाऊ बोटीवर नोकरीला लागला तेव्हा पहिल्या फेरीवरून आणलं होतं. ही पॅन्ट तुझ्याकडे आखूड करायला दिली होती, तेव्हापासून गेलंय."

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. "दुसरं कुठलंही ने. दोन ने. ते नको."

"का?"

"ती त्यातून बघायची."

बेकरीवाला जरा घुटमळला. मग म्हणाला, "वहिनींचं मला माहीत आहे रे. पण माझ्याकडेही भावाचं दुसरं काही नाही. उगाच तोंडाने मागत नाही मी. नियम तुझा आहे. बसली तर देशील ना?"

मास्तरांनी त्याच्या पोटाकडे बघितलं आणि धीर आला. "घाल."

बेकरीवाला आत गेला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग आतून आवाज आला, "एक पाय गेला!" रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "दुसरा जातोय!"  आत एका पायावर उड्या मारल्याचा धपधप आवाज झाला, पडदा फुगला, आणि दोन्ही हातांनी पडद्याला धरून बेकरीवाला बाहेर आला. दांडी आली, पडदा आला, पाटी आली. तो पडद्यात गुंडाळला जाऊन दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर गेला. टरटर करत खिसे उसवले. नाणी रस्ताभर पळाली.

"माझी नाणी!" मास्तर ओरडले. एवढा मोठा आवाज त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

सून झाडू घेऊन धावली. रांगेतले लोक वाकून नाणी गोळा करायला लागले, आणि मास्तर उभ्या उभ्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत राहिले. आता कोण कुठलं नाणं कुठल्या खिशात घालेल याचा भरवसा नव्हता. तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, हे बघा! भोकाचं सापडलं!"

"इकडेही सापडलं," पोस्टातले साहेब म्हणाले.

त्यांच्या हातातही भोकाचंच होतं. तसंच, तेवढंच.

बेकरीवाला रस्त्यात बसला होता. त्याची तपकिरी पॅन्ट कमरेपासून गुडघ्यापर्यंत शिवणीत उसवली होती आणि आतल्या खिशाचं अस्तर जिभेसारखं बाहेर लोंबत होतं. अस्तराला एक छोटं भोक होतं. नाणं त्यातून शिवणीत उतरलं होतं आणि इतकी वर्षं तिथेच बसलं होतं.

"म्हणजे मीच घेऊन फिरत होतो?" तो म्हणाला.

 मग रांगेतल्या एकाने आपल्या पिशवीतल्या पॅन्टीचं अस्तर हळूच चाचपलं. त्याचं बघून दुसऱ्याने चाचपलं. गोळा केलेली नाणी एकेक करून मास्तरांच्या टेबलावर आली आणि रांग मोडली. साहेबांनी दुसरं नाणं बेकरीवाल्याच्या हातात ठेवलं. त्याने ते मुठीत घट्ट धरलं, पडदा कमरेला गुंडाळला आणि तसाच रस्ता ओलांडून गेला. मग तासाभराने पडदा घडी घालून परत पाठवला, सोबत ती पॅन्ट, शिवून आणि सैल करून देण्यासाठी.

मास्तरांनी आधी पडदा दुरुस्त केला. या वेळी दांडीऐवजी लोखंडी पाइप टाकला. हिचं भोकाचं नाणं पुन्हा मधोमध बसवलं. काही खिसे रिकामे होते ते तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेकरीवाल्याची पॅन्ट मशीनवर घेतली. उसवलेली बाजू शिवली, अस्तराचं भोक बुजवलं. मग दुसऱ्या खिशात हात घातला. आता खिसे तेच तपासायचे. बोटांना काहीतरी गोल लागलं.

ते दुकानाच्या दारात आले. समोर बेकरीवाला गिऱ्हाइकांना पाव देत होता.

"अरे ए! तुझं नाणं राहिलंय खिशात!"

"कुठलं नाणं?"

"भोकाचं! तुझ्या भावाचं!"

"कुठल्या पॅन्टीत?"

"तुझ्याच! काल फाडलीस ती!"

बेकरीवाल्याने हातातली सुरी खाली ठेवली आणि मास्तरांच्या मागे, रिकाम्या खिशांच्या पडद्याकडे बघितलं. "ती मला बसते का?"

"आत्ता नाही बसणार. सैल केली की बसेल!"

"सैल केलेला पुरावा चालत नाही, मास्तर," बेकरीवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पाव कापायला लागला. "पाटी तुझी आहे, माझी नाही."