चाळीस पांढऱ्या बरण्या

एका जंगलात एक दवाखाना होता. बाळांनो, मांडी घालून नीट बसा आणि मधे प्रश्न विचारू नका.

दवाखाना अस्वलकाकांचा. ते आठवड्यातले चार दिवस मुळ्या खणायला डोंगरावर जात. तेव्हा ज्याला जे लागेल ते त्याने फळीवरून घ्यावं, अशी रीत होती. फळीवर नुसता पसारा. विंचवाचं औषध दाराशी, काठ फुटलेल्या मडक्यात. खोकल्याचं काळ्या बुधल्यात. पोटदुखीचं करवंटीत. कुणी काही पाठ केलं नव्हतं. आत शिरलं की हात बरोबर जायचा.

मग परक्या जंगलातून शिकून मोर आला. तो पसारा पाहून त्याला घेरीच यायची राहिली.

आठ दिवसांत फळीवर चाळीस पांढऱ्या बरण्या लागल्या. सगळ्या एकसारख्या. नाव नाही, खूण नाही.

"अहो, यातलं विंचवाचं कुठलं?" अस्वलकाकांनी विचारलं.

"डावीकडून सतरावी. पाठ करायचं."

"आणि कुणी घाईत असलं तर?"

"काका, घाई ही त्याची अडचण. बरणीची नव्हे."

तरी रीतसर चाचणी झाली. चाचणीला हत्ती बोलावला. हत्तीला एकदा सांगितलेलं जन्मभर आठवतं. त्याने चाळीसच्या चाळीस बरण्या ओळखल्या आणि म्हणाला, "सोपं आहे की." टाळ्या पडल्या.

धवळा नावाच्या सशिणीने यादी मन लावून पाठ केली. परीक्षेत ती पहिली आली.

महिन्याभरात तिच्या पिल्लाला विंचू चावला. काका डोंगरावर. धवळा पिल्लाला घेऊन दवाखान्यात धावली. त्याच्या तोंडाला फेस आला होता. तिने फळीकडे पाहिलं आणि तिला एकही आकडा आठवेना. सातवी बरणी उघडली, तर केसांचं तेल. तिसावी उघडली, तर जुलाबाचं चूर्ण. बिचारी दिसेल ते झाकण काढत सुटली.

सतरावी सापडेपर्यंत फार उशीर झाला. पिल्लू वाचलं, पण त्याचा मागचा पाय कायमचा लुळा पडला. सशाचा मागचा पाय जाणं म्हणजे काय, ते जंगलात कुणाला सांगावं लागत नाही. मला अजून हे सांगताना राग येतो.

डोंगरावरून परतल्यावर अस्वलकाकांनी सतराव्या बरणीला कडुनिंबाची डहाळी बांधली. मोराने ती सोडली. ओळ बिघडत होती.

चौकशी बसली. अध्यक्ष हत्तीच.

"तुला पाठ नव्हतं?"

"होतं, साहेब. ऐन वेळी डोक्यातून गेलं," धवळा खाली मान घालून म्हणाली. "चूक माझीच."

"मी तिला दोष देत नाही," मोर मोठ्या मनाने म्हणाला. "सशांची स्मरणशक्तीच बेताची."

बरण्यांना सुंदर मांडणीचं पदक मिळालं. सशांसाठी रोज सकाळी घोकंपट्टीचा वर्ग सुरू झाला. धवळा पहिल्या रांगेत बसते, पिल्लाला मांडीवर घेऊन.

परवा त्याने विचारलं, "आई, आधी सगळ्यांना न घोकता कसं गं यायचं?"

"आधी आपण हुशार होतो, राजा," ती म्हणाली.

तात्पर्य: काहीही बनवलंत, तर ते आधी हत्तीला दाखवावं आणि मग सशांना वापरायला द्यावं. काही बिघडलंच, तर सशांना बदाम खायला सांगावेत.