आत्याला उतरवा

लाल स्पोर्ट्स कार लीजवर घ्यावी की विकत, यावर डॉक्टर आणि त्यांच्या बायकोत इतका काथ्याकूट झाला होता की शोरूममधल्या सेल्समनला दोघांच्याही बाजू तोंडपाठ झाल्या होत्या.

"लीजच बरी," डॉक्टर म्हणाले. हे दातांचे डॉक्टर. "चार वर्षं हौस भागवायची, मन भरलं की परत."

"म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळायचं," बायको म्हणाली. "लाड आपण करायचे आणि ओरखडा उठला की बोलणीही आपणच खायची. अहो, घ्यायची तर आपली म्हणून घ्या."

संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय आणि या रंगाची ही एकच आहे, असं सेल्समनने हळूच सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा ड्रिलचा आवाज ऐकलेल्या पेशंटसारखा झाला. कॉलेजात असल्यापासून त्यांचा अशा गाडीवर जीव होता. आज निकाल लागला नाही तर ती जाणार होती. म्हणून तर त्यांनी आत्याला सोबत आणलं होतं. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. डॉक्टरांना लहानाचं मोठं तिनेच केलं होतं आणि तिच्या शब्दापुढे घरात अपील नव्हतं.

"आधी बसून बघते," असं म्हणून आत्या सरळ स्टिअरिंगमागे बसली. गाडी जमिनीपासून वीतभर. अर्ध्यापर्यंतचं बसणं आत्याच्या हातात होतं, पुढचं गाडीने उरकलं.

"काय देखणी आहे रे!" आत्या म्हणाली. "आणि या सीटला माणसाची पाठ कळते." तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला, आरशात स्वतःकडे पाहिलं आणि "चला, उठते" असं जाहीर केलं. गुडघ्यांनी ठराव फेटाळला.

डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात धरले, पाय रोवले आणि डावी-उजवीकडे हलवत ओढायला सुरुवात केली.

"अहो, आत्या आहेत त्या! दाढ नव्हे!" बायको ओरडली.

"अरे मेल्या, खांदा!" आत्या त्याहून मोठ्याने ओरडली. "कुणीतरी नीट उतरवा मला!"

सेल्समनने घाबरून वरच्या मजल्यावर मॅनेजरला फोन लावला. "साहेब, लाल गाडीवाल्या मॅडम 'उतरवा, उतरवा' म्हणतायत. आम्हाला जमत नाहीये."

मॅनेजरचं अख्खं आयुष्य घासाघीस करण्यात गेलेलं. या क्रियापदाचा दुसरा अर्थ ते विसरूनच गेले होते. "मग उतरव की. गिऱ्हाईक घालवायचंय का?"

"एकदम उतरवू?"

"वेडा आहेस का? एकदम उतरवलंस तर अंगाशी येईल. आधी ताणून धर."

"ताणून झालं, साहेब. त्या ओरडल्या."

"ओरडल्या?" मॅनेजरच्या आवाजात आदर आला. "मुरलेल्या दिसतात. त्यांना सांग, विकत घेणार असाल तर थोडं उतरवतो. वर विमा आमच्याकडून."

सेल्समनने निरोप जसाच्या तसा पोचवला. डॉक्टर गोंधळले. बायकोने कपाळाला हात लावला. आत्याने मात्र चष्म्यावरून सेल्समनकडे निरखून पाहिलं. अर्धवट उत्तरावरून पोराच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखण्यात तिची हयात गेली होती.

"साहेबांना म्हणावं," ती सीटमध्ये आणखी रेलून म्हणाली, "अजून उतरवा."

सेल्समनने फोन केला. साहेबांनी अजून उतरवलं. आत्याने आरामात चष्मा पुसला. "अजून," ती म्हणाली.

यावेळी मॅनेजर स्वतःच खाली आले. या बाईंचं दर्शन घ्यायचंच असं त्यांनी ठरवलं होतं. उघड्या दारातून आत्या, तिचे अडकलेले गुडघे आणि घामाघूम डॉक्टर पाहिल्यावर त्यांना सगळा उलगडा झाला. पण शब्द गेला होता, आणि माणूस रसिक होता. "मॅडम," ते हात जोडून म्हणाले, "बसल्या जागी माझ्याकडून इतकं कुणी काढलं नव्हतं."

"ते राहू द्या. लीज संपली की गाडी रिकामी करून द्यावी लागते ना?"

"अर्थातच."

"मग विकतच घे रे," आत्याने भाच्याला बजावलं. "मला कोण काढणार यातून?"

मुद्दा बिनतोड होता. डॉक्टरांनी सह्या केल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मॅनेजरनी किल्ली आदराने आत्याला दिली.

"आत्या, मी चालवतो ना..."

"कुठे बसून? माझ्या मांडीवर? फिरून पलीकडून ये." मग ती सूनबाईंकडे वळली. "दोनच सीटा आहेत गं. तू आपली जुनी घेऊन मागून ये."

गुडघे कुरकुरत होते ते फक्त उठायला; ब्रेक दाबायला त्यांची काही तक्रार नव्हती. आत्याने गाडी अशी काही वळवली की मॅनेजरच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याने हेल्मेटची काच वर केली. त्याची नजर गाडीवरून हलेना. "काय गाडी आहे, काका! तुमची?"

"माझीच," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "आत्या उतरली की चालवायला घेणार आहे."