पाच चांदण्यांचे वैद्य आणि मातुश्रींचा अंगठा

श्रीधन्वंतरी कृपावंत असोत आणि मोबाइलास रेंज असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक मासी एका दौलतीत वर्तमान जाहले ते ऐसे जे, दौलतीच्या मातुश्री सगुणाबाईसाहेब यांस साखरेचा जुना विकार, आणि उजव्या पायाचा अंगठा काळा पडो लागला, ठणका मात्र काडीचा नाही, म्हणोन बाईसाहेब निर्धास्त आणि सूनबाई उमाबाईसाहेब यांचे काळजात धस्स जाहले. मग उमाबाई मोबाइलात दर्शन देणारे वैद्य धुंडो लागल्या. तेथे रयतेने चांदण्या द्याव्या आणि जितक्या चांदण्या तितका वैद्य थोर मानावा, ऐसी चाल. चंदनशास्त्री यांस पाचांपैकी पाच, आणि खाली रयतेने लिहिले की बोलणे मधाळ, हसणे प्रसन्न, पाठीमागील पडदाही सुरेख. भिकोपंत वैद्य यांस एकच, तीही त्याहून कमी देता येत नाही म्हणोन. मग चंदनशास्त्री प्रगटले, आणि बाईसाहेबांनी पाय उचलोन मोबाइलापुढे धरिला, आणि शास्त्री बोलिले, "मातुश्री, चप्पल चावली असेल. मलम लावावे, आनंदात असावे." इतके बोलोन अंतर्धान पावले, आणि लागलीच मोबाइल पुसता जाहला की चांदण्या किती? मलम अद्याप दुकानीच, तरी बाईसाहेबांनी पाच देवविल्या. उमाबाई म्हणाल्या, "अहो आई, आधी गुण तर येऊ द्या." बाईसाहेब बोलिल्या, "घरी आलेल्या पाहुण्याचे उणे काढू नये गं. मोबाइलातून का होईना, माझ्या माजघरात आला होता तो." दौलतीत सर्वांचीच ऐसी रीत, आणि घोळ तो तेथेच.

पुढे मलम लाविले, आणि काळेपण पसरो लागले आणि दुर्गंधी सुटली. उमाबाईंचे डोळां पाणी आले, सासूचा पाय जातो की काय या भयाने त्या व्याकुळ जाहल्या. दुरून डोंगर साजरे, हे उमगोन त्यांनी आता चांदण्या सोडोन भिकोपंतांवरील तक्रारी वाचिल्या. एकाने लिहिले, "औषध देईना, समक्ष या म्हणतो." दुसऱ्याने लिहिले, "जखम हात लावल्यावाचून कळत नाही म्हणे, मग मोबाइलात बसतो कशास?" उमाबाई बोलिल्या, "आई, आपल्याला हाच खडूस हवा." मग भिकोपंतांनी पाय पाहता क्षणी दरडाविले, "पाय ठेवायचा असेल तर आत्ता उठून या." मग मोटारीतून गेल्या, आणि पंतांनी पाय चाचपोन, बोलणी खाऊ घालोन, अंगठा काढिला आणि पाय राखिला.

बाईसाहेब घरी परतल्या तो मोबाइल पुन्हा पुसो लागला. बाईसाहेबांनी एक चांदणी दिली. उमाबाई चकित होऊन म्हणाल्या, "आई, पाय वाचवला त्यांनी!" "वाचवला तर. पण तिथे पाहुणी मी होते, आणि मेल्याने घोटभर चहा विचारला नाही." ऐसे म्हणोन क्षणभर पायाकडे पाहिले, डोळे पुसिले, आणि खाली लिहविले, "चहा नाही. चालत घरात आले."

एकंदर मजकूर इतका की, चांदण्या पाहुणचाराच्या, औषधाच्या नव्हेत, सबब गरजवंताने तक्रारी वाचाव्या. ही बखरही आपले घरी पाहुणी आली आहे, तेव्हा आपण पाच द्यालच. आम्ही त्या खऱ्या धरणार नाही.